उपचार चालू असताना फिरणं, मैत्रिणी आणि घरचे: तुम्ही कसं जमवता?

निशिगंध_२

मला स्तनाचा कर्करोग आहे. चौथी स्टेज, हाडांत पसरलेला. आधीच सांगून टाकते, म्हणजे 'लवकर बरी हो' असं लिहून कोणी अवघडायला नको. बरी होणार नाहीये. पण गोळ्या लागू पडल्यात, स्कॅन स्थिर आहेत, मी नोकरी करते, भांडते, रात्री उशिरापर्यंत जागते. पॅलबोसायक्लिबच्या गोळ्या तीन आठवडे आणि मग एक आठवडा सुट्टी, सोबत रोज लेट्रोझोल, शिवाय हाडांसाठी इंजेक्शन असं चाललंय.

कॉलेजातल्या दोन मैत्रिणींबरोबर आठवडाभर समुद्रावर जायचंय. नवरा म्हणतो, मीही येतो. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांना विचारलंस का. (विचारलं. जा म्हणाले.) मुलगा चौदा वर्षांचा आहे, तो काहीच म्हणत नाही, नुसता दारात उभा राहतो. आणि मैत्रिणींपैकी एक फोनवर हुंदके देत म्हणाली, "तुझं जे जे राहिलंय ते सगळं करू." अगं बाई, माझं काही राहिलेलं नाही! मला लोळायचंय आणि तुझ्या साहेबाच्या कागाळ्या ऐकायच्यात.

तर दोन प्रश्न. तयारी काय करायची? आणि घरच्यांना न दुखावता त्यांच्याशिवाय जाणं तुम्ही कसं जमवलंत?

गबाळा

वाचतोय. माझा भाऊ याच वाटेवर आहे.

अर्धविराम

ताई, आधी जाऊन या, मग बोलू. ह. घ्या (हलकं घ्या).

माझा मोठ्या आतड्याचा. पोटावर पिशवी आहे (स्टोमा), तिचं नाव मी ठेवलंय पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रवासाचं सांगतो. लागतील त्याच्या दुप्पट पिशव्या, आणि त्या हातातल्या सामानात, कारण मोठी बॅग हरवली तर कपडे कुठेही मिळतात, आपल्या मापाची पिशवी मिळत नाही. विमानात कात्री चालेलच असं नाही, म्हणून पिशव्यांची भोकं घरूनच कापून न्यायची. सीट निघायच्या बाजूची. खिडकीतून ढग बघायची हौस असलेल्यांनी ढगांचे फोटो बघावेत.

ऑक्झॅलिप्लाटिन (केमोचं एक औषध) घेणाऱ्यांसाठी आणखी एक. त्या औषधाने गार वस्तूंचं वावडं होतं. मला फ्रीजमधल्या पाण्याचा घोट घेतला की घशात टाचण्या टोचायच्या आणि नळाच्या गार पाण्याने बोटांना झिणझिण्या. मित्रांनी हौसेने डोंगरावर थंडीत नेलं. मी पूर्ण सहल हातमोजे घालून, गरम पाणी पीत काढली. तरी मजा आली, कारण पत्त्यांत हातमोजे घालून फसवता येतं.

चटकमटक

पिशवीचं नाव व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवा.

स्टेथोस्कोप

मी डॉक्टर आहे, पण कॅन्सरची नाही. त्यामुळे माझं आणि तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचं जुळलं नाही तर त्यांचं ऐका.

'औषधाच्या सुट्टीचा आठवडा आहे ना, तेव्हाच जा' असं सगळे सांगतील. पॅलबोसायक्लिबवर पांढऱ्या पेशी गोळ्यांच्या दिवसांत खाली येतात आणि सुट्टीच्या आठवड्यात सावरायला लागतात. म्हणजे सुट्टीचा पहिला दिवस हा काही सगळ्यात सुरक्षित दिवस नाही. निघायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा आणि आकडा बघून तारीख ठरवा. सलाइनमधून केमो घेणाऱ्यांचं वेगळं: बऱ्याच औषधांत पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत तळ गाठतात, त्यामुळे तीन आठवड्यांचं चक्र असेल तर शेवटचा आठवडा बरा.

थर्मामीटर न्या. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला तर 'गोळी घेते, सकाळी बघू' असं करायचं नाही. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, संसर्ग तिथेच राहतो. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना आलेला ताप काही तासांत गंभीर होऊ शकतो. म्हणून मुक्कामापासून सगळ्यात जवळचं, रात्री उघडं असणारं हॉस्पिटल कोणतं हे पोचायच्या आधी माहीत असू द्या.

कॅन्सरमुळेच रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढलेली असते आणि चार तासांहून लांब बसून प्रवास केला की ती आणखी वाढते. अधूनमधून उठा, पोटऱ्या हलवा. एकच पाय सुजला, दुखायला लागला किंवा अचानक धाप लागली तर थांबायचं नाही.

आणि तुमच्या बाबतीत हाडं. बॅग तुम्ही उचलायची नाही, चाकांचीसुद्धा जिन्यावरून ओढायची नाही. पाठदुखी एकाएकी वाढली, पायांतली ताकद कमी वाटली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. मैत्रिणींनाही हे सांगून ठेवा, कारण पेशंट 'प्रवासाने दुखतंय' म्हणून अंगावर काढतो.

निशिगंध_२

स्टेथोस्कोप, खूप आभार. मैत्रिणींना पाठवते. रडणारीला सगळा मजकूर, दुसरीला फक्त बॅग उचलण्याचा भाग.

खडूस_आजोबा

दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. माझी बायको अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. आजारपणात ती तिच्या बहिणींबरोबर फिरायला जायची आणि मी घरी. सगळे म्हणायचे, तुमचं मन किती मोठं. मन मोठं वगैरे काही नव्हतं. फोन वाजला की पोटात गोळा यायचा आणि वाजला नाही तर त्याहून मोठा.

तुमचा नवरा पाळत ठेवायला येत नाहीये. त्याला घरी बसणं जमणार नाही म्हणून येतोय. आठवडाभर कशाला, दोन दिवस जा. आजारी माणसाची हौस घरच्यांच्या झोपेवर चालते, हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिलं.

बिनधास्त_बानू

आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मग झोपेचा हिशोब दोन्हीकडचा करा. मीही पेशंट आहे (रक्ताचा, मल्टिपल मायलोमा). घरात मला कोणी एकटीला बाथरूमची कडी लावू देत नाही. रात्री कूस बदलली की "काय झालं?" मी दुखत नसताना 'दुखत नाही' असं दिवसातून किती वेळा सांगते ते मोजलेलं नाही. बहिणीकडे चार दिवस गेले तेव्हा तिने पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर ओरडून ओला टॉवेल उचलायला लावला. इतकं बरं वाटलं! वर्षभरात कोणी माझ्यावर ओरडलं नव्हतं.

घरच्यांचं प्रेम खरं आहे, त्यांची भीतीही खरी. पण पेशंटला त्या भीतीपासूनसुद्धा रजा लागते.

निळाई

>>पेशंटला त्या भीतीपासूनसुद्धा रजा लागते.

+१००

खडूस_आजोबा

बानू, पटलं. अर्धं.

आडवाटेचा_प्रवासी

फिरण्याआधी मुळापासून इलाज करा. माझ्या ओळखीत एक औषध आहे, चौथ्या स्टेजचे लोक ठणठणीत झालेत. व्यनि करा.

अर्धविराम

आलात का! उशीर झाला या वेळी.

स्टेथोस्कोप

प्रवासी, हे इथे नको. निशिगंध, तुम्ही यात पडणार नाही हे दिसतंच आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: वनस्पतींची औषधं उपचारांच्या गोळ्यांशी खरोखर झगडतात. पॅलबोसायक्लिब घेताना ग्रेपफ्रूटसुद्धा टाळायला सांगतात, कारण त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढते. एका फळाने इतका फरक पडतो, तर आत काय आहे हे माहीत नसलेल्या पुडीचं काय सांगणार? फिरायला गेल्यावर कोणी प्रेमाने काही पाजायला आलं तरी हाच नियम.

उत्साही_मावळा

सगळे इतके घाबरून का लिहिताय? टेरी फॉक्सकडे बघा! हाडाच्या कॅन्सरने १९७७ मध्ये उजवा पाय गेला, १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन! इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही. निशिगंधताई, समुद्र काय, शिखर सर करा!!

अर्धविराम

मावळे, तुमचा उत्साह मान्य. पण ती गोष्ट पूर्ण सांगा. तो १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर, आणि कॅन्सर फुप्फुसांत पोचल्यामुळे त्याला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी गेला, वय २२. इच्छाशक्ती कमी पडली होती का त्याची? तो धावला संशोधनासाठी पैसा उभा करायला, आणि तो पैसा अजून उभा राहतोय. त्या माणसापुढे मी वाकतो. पण ही उदाहरणं जेव्हा माझ्या अंगावर फेकली जातात, तेव्हा केमोच्या चौथ्या दिवशी संडासापर्यंत वेळेत पोचणं हाच माझा पराक्रम असतो आणि त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

चटकमटक

टाळ्या.

उत्साही_मावळा

बरं बरं. शिखर रद्द. लोळा.

सावरी

माझ्या बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. भावाने ठरवलं की त्यांना जग दाखवायचं. रोज नव्या जागेचे फोटो पाठवायचा. बाबांना कुठेही जायचं नव्हतं. त्यांना हवं होतं शनिवारी मित्रांनी यावं आणि पत्ते खेळावेत. भावाला ते फार क्षुल्लक वाटायचं, म्हणायचा, "हे तर ते नेहमीच करतात." बाबा म्हणायचे, "म्हणूनच."

पण पत्ते खेळायलासुद्धा तासभर बसता यायला हवं ना. धाप लागायची, बरगड्या दुखायच्या. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी पॅलिएटिव्हच्या (त्रास कमी करणाऱ्या) टीमकडे पाठवलं. घरात रडारड. भाऊ फोनवर म्हणाला, म्हणजे यांनी हात टेकले. प्रत्यक्षात काय झालं? मॉर्फीनचा अगदी लहान डोस सुरू केला, त्याने दुखणं तर कमी झालंच, धापही कमी झाली. खुर्चीत उशा कशा लावायच्या ते शिकवलं. तोंडासमोर छोटा पंखा धरायला सांगितला. केमो चालूच होती. शनिवारचा डाव तासाभरावरून संध्याकाळभर चालायला लागला.

त्यांचे एक मित्र जन्माचे विडीवाले. बाहेर जाऊन ओढून, तोंड धुऊन आत यायचे. बाबा त्यांना जवळ बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, "शर्टाचा वास तरी येऊ दे." आई दोघांनाही झापायची.

स्टेथोस्कोप

सावरी, बरं झालं लिहिलंत. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे दिवस, हा समज डॉक्टरांमध्येसुद्धा आहे. २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास आला होता. निदानापासूनच ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस जास्त चांगले गेले, उदासी कमी होती, आणि सरासरीने (मीडियन) ते जास्त जगले: ११.६ महिने, तर दुसऱ्या गटात ८.९. त्रास आटोक्यात आणायचा तो पत्ते खेळता यावेत म्हणून. किंवा समुद्रावर लोळता यावं म्हणून.

मॉर्फीनवरून आठवलं. परदेशी जाणाऱ्यांनी या वर्गातली औषधं मूळ डब्यात, चिठ्ठी आणि डॉक्टरांच्या पत्रासह न्यावीत, आणि त्या देशाचा नियम आधी बघावा. जपानमध्ये ती नेण्यासाठी आगाऊ परवानगी लागते.

गबाळा

भावाला थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलंय. विमानतळावर यंत्र वाजेल असं कोणीतरी घाबरवलं. खरं का?

स्टेथोस्कोप

हो, काही ठिकाणी किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं असतात आणि आयोडीन-१३१ नंतर ती कित्येक आठवडे वाजू शकतात. हॉस्पिटलकडून डोस आणि तारीख लिहिलेलं पत्र घ्या. पेट स्कॅनचं तसं नाही, त्यातल्या फ्लोरिन-१८ या किरणोत्सर्गी द्रव्याचं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं, दुसऱ्या दिवसापर्यंत मामला संपतो.

चटकमटक

भावाला अंधारात पुस्तक वाचता येतं का, तेही विचारून घ्या.

बिनधास्त_बानू

विनोदावरून. आधीच्या उपचारात माझे केस गेले होते तेव्हाची गोष्ट. बोटीत बसलो होतो, वाऱ्याने विग उडाला आणि थेट पाण्यात. मागच्या बाकावरची बाई किंचाळली. माझी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "पोहता येतं त्याला." त्यानंतर उरलेला प्रवास मी टक्कल घेऊन केला. उन्हाची टोपी मात्र लागतेच. केमोतली काही औषधं अशी असतात की त्वचा नेहमीपेक्षा लवकर भाजते, आणि डोक्याच्या त्वचेला तर उन्हाची सवयच नसते.

मधली_सुट्टी

मित्रांबद्दल मला वेगळंच लिहायचंय, विषय भरकटला तर माफी. निदान झालं तेव्हा गर्दी झाली होती. तीन महिन्यांनी उरले ते कोणाच्याही अंदाजातले नव्हते. जीवश्चकंठश्च म्हणवणारा एक जण अजून फोन उचलत नाही. त्याचा राग यायचा, आता येत नाही, त्याला माझ्यात त्याचे वडील दिसत असणार. आणि ऑफिसातला एक, ज्याच्याशी कधी धड बोललो नव्हतो, तो दर केमोला गाडी घेऊन यायचा. 'काही लागलं तर सांग' असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणायचा, "मंगळवारी आठला खाली उभा आहे." पेशंटला मागायला लावणं हेच मुळात जड काम असतं. डोकं आधीच धुक्यात, त्यात कोणाला काय सांगू याची यादी कोण करणार?

निळाई

आणि मुलं? निशिगंधचा मुलगा दारात उभा राहतो हे वाचून मला बाकीचं काही सुचेना. मी त्या वयाची असताना आई आजारी होती. मला कोणी काही सांगायचं नाही, सगळे खोलीत गेले की हळू बोलायचे. मी ते न ऐकलेलं मनात भरून काढायचे, आणि ते खऱ्यापेक्षा कितीतरी भयंकर असायचं. आई बाहेर निघाली की मला वाटायचं, परत येणार नाहीये म्हणून चाललीये. त्याला नुसतं 'काळजी करू नको' सांगू नकोस. स्कॅन काय म्हणतो, गोळ्या काय करतात, कोणत्या दिवशी परत येणार, सगळं सांग. चौदा वर्षांच्या मुलाला न्यूट्रोफिल कळतात.

खडूस_आजोबा

निळाईशी सहमत. आणि मघाशी अर्धं पटलं म्हणालो होतो, त्यात भर घालतो. नवऱ्याला सहलीला नेऊ नका, पण काम द्या. मला काम नव्हतं म्हणून मी फोनकडे बघत बसायचो. तिच्या थोरल्या बहिणीने एकदा मला रोज रात्री नऊला एक ओळ पाठवायचं कबूल केलं. बायको नाही, बहीण. त्यामुळे बायकोला हजेरी दिल्यासारखं वाटायचं नाही आणि मला नऊपर्यंत काळजी करायची सूट मिळायची, नऊनंतर बंद.

मधली_सुट्टी

आजोबा, दंडवत.

निशिगंध_२

एवढं सगळं वाचून काढलं. काय ठरलं ते सांगते.

सीबीसी करून मग तिकिटं, तीही रद्द करता येणारी. विम्याच्या अर्जात आजार स्पष्ट लिहिलाय, हप्ता वाढला, पण लपवलं असतं तर क्लेम नाकारायला त्यांना आयतं निमित्त. रडणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं की सकाळी एकदा 'कशी आहेस' विचारायचं आणि त्यानंतर माझ्या तब्येतीचा विषय काढायचा नाही, मी काढला तरच. ती म्हणाली, "आणि मला रडू आलं तर?" म्हटलं, दुसरीच्या खोलीत जा.

नवऱ्याला आजोबांचा प्रतिसाद वाचायला दिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, नऊ नको, साडेनऊ, नऊला मी गाडी चालवत असतो. तो शेवटच्या दिवशी घ्यायला येणार, म्हणजे बॅग उचलायचा प्रश्नही मिटला. सासूबाई नाराज आहेत. राहू देत, त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून नाराज आहेत.

मुलाला रिपोर्ट घेऊन बसवलं. त्याने दोन प्रश्न असे विचारले की माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुढच्या भेटीत तोच डॉक्टरांना विचारणार आहे. औषधांच्या चिठ्ठ्या, शेवटचा स्कॅन, डॉक्टरांचा रात्रीचा नंबर हे सगळं त्याने माझ्या आणि दोघींच्या फोनमध्ये टाकलं. मग विचारलं, "तिथून माझ्यासाठी काय आणणार?" म्हणजे परत येणार हे त्याने धरलंय.

चटकमटक

सासूबाईंसाठी काय आणणार ते महत्त्वाचं.

अर्धविराम

समुद्रात उतरणार का? हातात पिक लाइन (औषधासाठी शिरेत घातलेली नळी) असेल तर पाण्यात जायचं नाही, छातीतला पोर्ट (कातडीखाली बसवलेली औषधाची डबी) पूर्ण भरून आलेला असेल आणि सुई लावलेली नसेल तर बहुधा परवानगी देतात. गोळ्यांवर आहात म्हणजे यातलं काही नसेलच.

निशिगंध_२

काही नाही. गळ्यापर्यंत उतरणार.

पारिजातक_९

धागा आत्ता वाचला. माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन काही महिनेच झालेत. प्रवासाचा सध्या प्रश्नच नाही, पण गच्चीत कुंड्या आहेत, त्यांत हात घालावासा वाटतो. घरचे जवळ फिरकू देत नाहीत. ते बरोबर आहेत का?

स्टेथोस्कोप

सध्या तरी बरोबर आहेत. मातीत बुरशीचे बीजाणू असतात (ॲस्परजिलस वगैरे), आणि ट्रान्सप्लांटनंतर पहिले काही महिने ते फुप्फुसांना घातक ठरू शकतात. खुर्ची टाकून लांबून हुकूम सोडा. माती उकरायचं काम दुसऱ्याचं.

बिनधास्त_बानू

माझाही ट्रान्सप्लांट झालाय (स्वतःच्याच पेशींचा), या विषयावर लिहिण्यासारखं बरंच आहे. पारिजातक, वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल.